साडेपाच तास पुढे

अच्युत देवस्थळींना तंबाखूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं. त्यांना व्यसन होतं ते सगळं पाठ असण्याचं. उतारश्रवण केंद्रातल्या संगणकांची कुठलीही आज्ञा विचारा, हा गृहस्थ चहाचा कप खाली न ठेवता ती म्हणून दाखवणार आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणार. तिथे कौतुक उमटलं की स्वारी खूश. चौपन्नाव्या वर्षीही ही खोड गेली नव्हती. पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं, म्हणून आधीच सांगितलं.

केंद्राचं काम डोंगर ऐकण्याचं. सह्याद्रीच्या एकशे चाळीस उतारांत केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा पुरलेल्या होत्या. तारेच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडायचा. तार जिथे कणभर ताणली गेली असेल तिथून तो किंचित बदलून परत येतो. कडा सुटायच्या आधी डोंगराच्या पोटातले खडक काही तास तडतडत असतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, तारेला येतं. कुठल्या तारेला ती तडतड आधी पोचली आणि कुठल्या तारेला नंतर, या सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या फरकावरून भेग नेमकी कुठे पडते आहे ते काढता येतं. गणित अवघड नाही, पण ते दर सेकंदाला लाखो वेळा करावं लागतं. त्यासाठी लिनक्सवर चालणारे एकशे वीस संगणक एकत्र जोडले होते, आणि त्यांच्या डोक्यावर एक मुख्य संगणक. त्याला सगळे ‘थोरला’ म्हणत आणि बाकीच्यांना ‘धाकटे’. धाकट्यांना स्वतःची डिस्कही नव्हती. सुरू होताना प्रणाली थोरल्याकडून घ्यायची, काम त्याच्याकडून घ्यायचं, वेळही त्याचीच मानायची, आणि बंद झालं की सगळं विसरून जायचं.

गेल्या सहा वर्षांत या यंत्राने सतरा गावं वेळेवर रिकामी करवली होती. गावोगाव भोंगा होता आणि तो सांभाळणारं एक माणूस होतं. लोकांचा विश्वास इतका बसला होता की आता डोंगराकडे कुणी फारसं बघत नसे. बघायचं ते भोंग्याच्या खोलीतल्या दिव्याकडे. हिरवा असला की झोपायचं.

थोरल्यावर वर्षातून एकदा सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवावी लागे, आणि तो दिवस ठरलेला होता खंडेनवमीचा. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती, मग संगणकांना का नको? कपाटांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. तीन तास यंत्र बंद राहील, तेवढा वेळ आपापला डोंगर आपण सांभाळा, असा निरोप आदल्या दिवशी सगळ्या गावांना जाई.

बसवायची पद्धत अच्युतरावांनीच घालून दिली होती. एका वहीत त्र्याऐंशी पायऱ्या लिहिलेल्या. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती करायची आणि ‘झालं’ म्हणायचं. ‘झालं’ ऐकल्याशिवाय पुढची पायरी वाचायची नाही. शेवटी दोघांच्या सह्या. वाचायचं काम चार वर्षं तनुजा वाळिंबे करत होती. अच्युतरावांनीच तिला शिकवून तयार केलं होतं. ती त्यांना सर म्हणायची आणि त्यांचं पाठांतर ऐकून दर वेळी मनापासून थक्क व्हायची, त्यामुळे ती त्यांची विशेष लाडकी.

त्या खंडेनवमीला मात्र सगळं उशिरा सुरू झालं. आरतीला बाहेरचे पाहुणे आले होते. केंद्रप्रमुख रायरीकर दोनदा दारात डोकावून गेले. गर्दीत नंतर कोण कुठे सापडणार, म्हणून वहीतल्या सह्या दोघांनी सकाळीच करून टाकल्या होत्या.

“देवस्थळी, अजून किती वेळ?” रायरीकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्यामागे चारपाच पाहुणे उभे होते.

“तनुजाने वाचायचं थांबवलं तर वीस मिनिटं,” अच्युतराव हसून म्हणाले. पाहुणेही हसले.

“सर, एकतिसावी चालू आहे,” तनुजा हळू आवाजात म्हणाली. “अजून बावन्न आहेत.”

“मला पाठ आहेत गं. तू जा, आरती घे.”

“वाचल्याशिवाय नको ना, सर.”

“ही वही लिहिली कुणी?”

“तुम्हीच.”

“मग?”

तनुजाने वही मिटली. पाहुण्यांसमोर आणखी काही बोलणं बरं दिसलं नसतं. ती गेली, आणि अच्युतरावांची बोटं चालू लागली. पाहुणे बघत होते, त्यामुळे जरा जास्तच वेगाने.

सदतिसावी पायरी अशी होती. प्रणाली विचारते, ‘या यंत्राचं आतलं घड्याळ जागतिक वेळेवर आहे असं धरायचं का?’ चौकटीत खूण आधीच केलेली असते. जगात बहुतेक ठिकाणी ती तशीच ठेवतात. पण पहिल्या केंद्रप्रमुखांना थोरल्याच्या दर्शनी पट्टीवर आणि भिंतीवर एकच वेळ दिसायला हवी होती, म्हणून अच्युतरावांनीच त्याचं आतलं घड्याळ भारतीय वेळेवर लावून दिलं होतं. म्हणजे इथे ती खूण न चुकता काढायची. वहीत त्या ओळीखाली तनुजाने लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. वही मिटलेली होती, आणि अच्युतरावांनी ‘पुढे’ दाबलं.

एकोणीस मिनिटांत काम आटोपलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्याला आता वाटत होतं की आपल्या घड्याळातली वेळ जागतिक आहे, म्हणून त्याने तिच्यात साडेपाच तास मिळवले आणि एकशे वीस धाकट्यांना तेच सांगितलं. वेळ तपासणारी एक सेवा त्याच्यात होती, पण फरक एवढा मोठा दिसला की ती स्वतःहून दुरुस्ती न करता माणसासाठी एक ओळ लिहून बंद पडते. ती ओळ वाचायला कुणी थांबलं नाही. डोंगरांतून येणाऱ्या माहितीवर मात्र उपग्रहाची खरी वेळ असे. थोरल्याच्या लेखी ती सगळी माहिती साडेपाच तास उशिरा आलेली, शिळी. दोन मिनिटांहून जुनी माहिती फेकून द्यायची असा नियम होता, आणि फेकलेल्याची नोंद ठेवायची सोय नव्हती. काही ऐकूच येईना, तेव्हा थोरल्याने ठरवलं की सगळे डोंगर शांत आहेत. एकशे चाळीस दिवे हिरवे झाले.

काहीच ऐकू येत नसेल तेव्हा दिवा राखाडी दाखवू या, असं तनुजाने दोन वर्षांपूर्वी सुचवलं होतं. लोक गोंधळतात, म्हणून अच्युतरावांनी ते मोडीत काढलं होतं.

दसऱ्याच्या दुपारी केंद्रात अच्युतराव एकटे होते. सण आहे, घरी जा, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. तीनच्या सुमारास फोन वाजला. आंबेखोलहून इंदुबाई झोरे बोलत होती. तिथला भोंगा ती सांभाळायची.

“सायेब, आमच्या झऱ्याचं पानी सकाळधरनं गढूळ येतंय. कालच्या पावसानं आसंल म्हनलं, पर मला काय बरं वाटंना. मिशनीत बघता का?”

अच्युतरावांनी समोरच्या फलकाकडे पाहिलं. आंबेखोल हिरवं होतं.

“काही नाही, इंदुबाई. डोंगर एकदम शांत आहे.”

“गाव समदं सीमोल्लंघनाला माळावर गेलंय. चारपाच मान्सं घरला हायती. भोंगा वाजवू का? उगंच आपलं, सावध केल्यालं बरं.”

“अहो, सणासुदीचं कशाला घाबरवता लोकांना? यंत्र सांगतंय ना, काही नाही म्हणून. निर्धास्त राहा.”

“बरं. तुमी म्हनताय तर ऱ्हायलं.”

त्यांनी नोंद केली: ‘आंबेखोल, नेहमीची चौकशी, स्थिती सामान्य.’ मग आपट्याच्या पानांचे फोटो आले होते ते बघत बसले.

चार वाजून दहा मिनिटांनी आंबेखोलच्या वरचा कडा सुटला. गाव माळावर होतं म्हणून वाचलं. घरी राहिलेल्यांतले तिघे आवाज ऐकून पळाले. इंदुबाईचा नवरा भिकू वरच्या गोठ्यात गाय सोडायला गेला होता. तो, गोठा आणि गाय, तिन्ही मातीखाली गेली.

बातमी पाच वाजता आली. अच्युतराव थोरल्यासमोर गेले आणि त्यांनी वेळ विचारणारी चार अक्षरं टंकली. पडद्यावर उत्तर आलं: रात्रीचे साडेदहा. खिडकीतून ऊन आत येत होतं.

त्यांना सगळं एका दमात समजलं. ते खुर्चीत बसले. कुणाला तरी फोन करायला हवा होता आणि त्यांनी फोन हातात घेतलाही. पण रायरीकरांना काय सांगायचं? मी वाचलं नाही, असं? मग त्यांच्या मनात आलं की ते खूण ठेवलेलं उत्तर थोरल्याच्या डिस्कवर लिहिलेलं आहे आणि दुसरं कुठेही नाही. धाकट्यांना तर आठवणच नसते.

फोन खाली ठेवून त्यांनी थोरला पुसायला घेतला. बिघाडाचा संशय आल्यामुळे सुरक्षिततेसाठी प्रणाली पुन्हा बसवली, असं कारण त्यांनी वहीत आधीच लिहून टाकलं. मग वही मांडीवर घेऊन त्र्याऐंशी पायऱ्या एकट्याने, मोठ्याने वाचल्या आणि एकेक करून ‘झालं’ म्हणत गेले. सदतिसावी पायरी त्यांनी दोनदा वाचली. तनुजाच्या लाल रेघांवर बोट ठेवून त्यांनी ती खूण काढली. इतकी नीट प्रणाली त्यांनी आयुष्यात बसवली नव्हती.

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. थोरल्यावरच्या नोंदी दसऱ्याच्या संध्याकाळपासून सुरू होत होत्या, त्याआधीचं काही सापडलं नाही. मग समितीच्या अध्यक्षांनी वही मागवली.

“वाचणाऱ्या म्हणून तुमची सही आहे, वाळिंबे. सगळ्या पायऱ्या तुम्ही वाचल्यात?”

तनुजाने अच्युतरावांकडे पाहिलं. ते सांगतील अशी तिला खात्री होती, म्हणून ती थोडी थांबली. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

“एकतीस वाचल्या,” ती म्हणाली. “पुढे मी तिथे नव्हते.”

“कुठे होतात?”

“आरतीला. सरांनी जायला सांगितलं होतं.”

अध्यक्ष वळले. “देवस्थळी, तुम्ही त्यांना पाठवलंत?”

त्र्याऐंशी पायऱ्या, चारशे आज्ञा, सगळ्या गावांच्या तारांचे क्रमांक तोंडपाठ असलेला तो माणूस म्हणाला, “मला नीट आठवत नाही.”

तनुजाने खाली पाहिलं. ती रडली नाही, भांडली नाही. ती भांडली असती तर अच्युतरावांना निदान तिचा राग तरी करता आला असता.

अहवालात लिहिलं गेलं की बिघाडाचं कारण निश्चित होत नाही, मात्र वाचणारी व्यक्ती जागेवर नव्हती, आणि आंबेखोलच्या भोंगा सांभाळणाऱ्या बाईने गढूळ पाणी पाहूनही भोंगा वाजवला नाही. तनुजाला निलंबित केलं. इंदुबाईचा भोंगा काढून घेतला. मी विचारलं होतं, असं ती सांगत राहिली, पण केंद्राच्या नोंदीत ‘नेहमीची चौकशी’ होती. अच्युतरावांना कुणी काही बोललं नाही. रायरीकरांनी तर पाठीवर हात ठेवला.

नोव्हेंबर, डिसेंबर असेच गेले. कुणी कौतुक केलं की अच्युतरावांच्या अंगावर काटा येऊ लागला. घरी बायकोने साधं “आठवतंय का?” म्हटलं तरी ते चिडायचे. आरशासमोर दाढी करताना ते डोळे हनुवटीच्या वर नेत नसत.

जानेवारीत तनुजा आपलं सामान न्यायला आली. दोन पुस्तकं, एक शाल, एक चहाचा मग. ते पिशवीत भरून ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“सर, एकच विचारते. सदतिसावी केली होतीत ना?”

“केली होती,” अच्युतराव म्हणाले. खोटं इतक्या सहज निघालं की त्यांना स्वतःचीच किळस आली.

“मग बरं. मला रोज वाटत राहतं, मी गेले नसते तर... तुमच्याकडून एखादी राहिली असेल, माझ्यामुळे.” तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मी आंबेखोलला जाते मधून मधून. इंदुबाईंकडे. त्यांच्याशी गावात कुणी बोलत नाही. सख्खी जाऊ हौसाबाई, तीसुद्धा तोंड फिरवते. दिराला हिने मारलं म्हणते. मी जाऊन बसते नुसती. माफी मागते.”

“तू कशाला मागतेस माफी?”

“कुणीतरी मागायला नको का, सर?”

ती गेली. लाज अच्युतरावांना तीन महिने वाटत होतीच, पण ती पकडले जाण्याच्या भीतीत मिसळलेली होती. आता पकडणारं कुणीच उरलं नव्हतं. उरली होती ती नुसती लाज, आणि ती सहन होईना. त्यांच्या वाट्याच्या माफ्या त्यांची विद्यार्थिनी मागत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पानं लिहिली. पाहुणे, मिटलेली वही, ती खूण, इंदुबाईचा फोन शब्दन् शब्द, आणि थोरला पुन्हा का पुसला तेही. एक प्रत समितीला पाठवली, एक तनुजाला, आणि एक रायरीकरांच्या हातात दिली.

रायरीकरांनी पानं वाचून दार लावून घेतलं. “अहो, प्रकरण मिटलंय. आता हे कशाला उकरून काढता?”

“मिटलं नाही साहेब. मी मिटवलं,” अच्युतराव म्हणाले.

तनुजाकडून काही उत्तर आलं नाही. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग एसटीने आंबेखोलला गेले. सव्वीस जानेवारी होती. शाळेसमोर झेंडा फडकत होता आणि मंडपात ग्रामसभेसाठी सतरंज्या घातल्या जात होत्या. लोकांची नजर चुकवत, विचारत विचारत ते गावाच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीपाशी पोचले. इंदुबाई दारात तांदूळ निवडत होती. चाळिशीची बाई, पण साठीची दिसत होती.

त्यांनी नाव सांगितलं. तिने आवाजावरूनच ओळखलं आणि सूप बाजूला ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यंत्र चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. तुम्ही विचारलंत आणि मीच नको म्हणालो. नंतर मीच ते पुसून टाकलं. सांगून झाल्यावर ते हात जोडून थांबले.

इंदुबाईने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, “मालक गोठ्याकडं जायाला भीत व्हतं. म्याच म्हनलं, केंद्रातलं सायेब म्हनत्यात काय न्हाई, जावा, गाय सोडून या. म्या धाडलं त्यास्नी.”

“इंदुबाई, मला क्षमा...”

“थांबा. तुमी हे मला कशापायी सांगताय? म्या फोन क्येला व्हता, ते मला ठावंच हाय. माझ्या दारात येऊन हळूच सांगितलं, तुमचं वझं उतरलं. माझं?” ती उठली, पदर सावरला. “ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी सांगा. सभा बसलीया. चला.”

अच्युतरावांना वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल, आणि मग आपण परतीची एसटी धरू. चार पानं लिहिणारा, धीर करून इथवर आलेला माणूसही मनात सोपी वाट ठेवूनच आला होता, हे त्यांना तिच्यामागून चालताना कळलं आणि त्यांना पुन्हा एकदा स्वतःची लाज वाटली.

मंडपात दीडएकशे माणसं होती. इंदुबाई आत शिरताच बोलणं थांबलं. बायकांच्या बाजूला कुणी सरकलं नाही. ती कनातीला धरून उभी राहिली आणि तिने अच्युतरावांना पुढे जायची खूण केली.

त्यांनी सांगितलं. यंत्र कसं बसवतात, कुठली चौकट असते, घड्याळ कसं पुढे गेलं, हे या लोकांना समजेल अशा शब्दांत सांगताना त्यांना प्रथमच जाणवलं की ती चूक किती साधी होती. वाचलं असतं तर झाली नसती.

सरपंच म्हातारे होते. त्यांनी चष्मा काढला. “एवडंच सांगा. भोंगा वाजवू का, आसं हिनं इचारलं व्हतं?”

“हो.”

“आन तुमी नगं म्हनलासा?”

“हो. मी नको म्हणालो.”

मागच्या बाजूला एका तरुणाने शिवी घातली. त्याला कुणी गप्प केलं नाही. अच्युतराव मान खाली घालून उभे राहिले. कुणी उठून कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण कुणी उठलं नाही.

बायकांच्या पहिल्या रांगेत एक धिप्पाड बाई बसली होती. ती तोंडाला पदर लावून बराच वेळ जमिनीकडे बघत होती. मग तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि स्वतः बाजूला सरकून मोकळ्या झालेल्या सतरंजीवर हात थोपटला.

“इंदे,” हौसाबाई म्हणाली, “हितं बस.”

इंदुबाई गेली आणि बसली. बसल्यावर तिचा बांध फुटला. हौसाबाईने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तीही रडू लागली. सरपंचांनी थोडा वेळ जाऊ दिला, चष्मा पुसून परत घातला आणि पुढचा विषय घेतला, नळपाणी योजनेचा. सभा आणखी दोन तास चालली. अच्युतरावांना बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि ते बसले नाहीत.